कारहुणवीचा घोट

"राहू द्या. मला तहान न्हाय."

हेमावतीच्या तोंडाकडे न बघता संगमेशने हे शब्द इतक्या थंडपणे टाकले की तिने पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला... किती वर्षांनी हा या घराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता! आणि आला तो अंगणातच उभा राहिला, पायातल्या चपलाही न काढता. ती लग्न होऊन आली तेव्हा हा धाकटा दीर शाळेत जात होता. त्याच्या दप्तरात भाकरी बांधून देणारे, तापात त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलणारे हेच ते हात, आणि आज या हातांचं पाणीसुद्धा त्याला चालत नव्हतं! तिने तांब्या ओट्यावर अलगद ठेवला, जणू तो पितळेचा नसून काचेचा होता, आणि पदर सारखा करून ती दाराला टेकून उभी राहिली.

"कोण? संगमेश? बा मगा, बा!" आतून काठी टेकत टेकत तिची सासू निंगव्वा बाहेर आली. लेकाला 'ये बाळा, ये' म्हणताना म्हातारीच्या तोंडी नेहमी कानडीच येई. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे तिने लेकाला हातांनीच पाहिलं. गाल चाचपले, दंड चाचपला. "वाळलास की रे! तिकडं कुंभारी गावात काय दगड खातोस व्हय?"

"अव्वा, मी बसायला न्हाय आलो. ट्रॅक्टरचं बोलायचं हाय." त्याने मान वळवून अंगणाच्या कडेला पाहिलं. "भंगारवाल्याशी बोलणं झालंय माजं. येळवशीची आवस झाली की दुसऱ्या दिवशी येऊन तोडून नेतो म्हनला."

लिंबाखाली तो ट्रॅक्टर उभा होता. एके काळी तो कुंकवासारखा लाल होता. आता जुन्या विटेसारखा दिसत होता. टायर जमिनीत रुतलेले, सायलेन्सरवर दोडक्याचा वेल चढलेला, आणि सीटखालच्या पेटीत घरच्या कोंबड्या निर्धास्तपणे अंडी घालायच्या. हेमावतीच्या नवऱ्याने, गुरुसिद्धप्पाने, तो हौसेने घेतला होता. घरची बैलजोडी म्हातारी झाली म्हणून देऊन टाकली तेव्हा निंगव्वा दोन दिवस जेवली नव्हती. मग दारात हा लाल ट्रॅक्टर आला आणि तिने त्यालाच ओवाळलं, त्याच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या जाळीवर, भंडारा लावला. गुरुसिद्धप्पाने धाकट्या भावाला ट्रॅक्टर शिकवला, आणि गावाने तोंडात बोटं घालावीत असं आणखी एक केलं... बायकोलाही शिकवला. "माज्यापेक्षा हिचा हात हलका हाय," असं तो चारचौघांत सांगायचा. आणि मग एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन तो गेला. मागे राहिला ट्रॅक्टर, आणि त्याने दिलेला तो हलका हात.

"काका, भंगारात कशाला?" घरातून काव्या बाहेर आली. हेमावतीची ही एकुलती लेक सोलापूरच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स करत होती. वर्गात ती एकटीच मुलगी. "मी चालू करते त्याला. येळवशीपर्यंत वेळ द्या मला."

"तू?" संगमेशच्या ओठांवर नको असताना हसू आलं. "अगं, त्यात कोंबडी बसलीय. आदी तिला तर उठीव."

"ती उठली की इंजिन उठवते."

"आन् न्हाय उठलं तर?"

"तर न्या भंगारात. पण उठलं तर?"

"उठलं तर," संगमेश म्हणाला, "मी माज्या हातानं चाकापुढं नारळ फोडीन!"

निंगव्वा टाळ्या वाजवायचीच बाकी होती. आणि तेवढ्यात दाराशी उभी असलेली हेमावती म्हणाली, "नको."

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"नको काव्या. नेऊ दे त्याला. गेलेल्या वस्तूच्या मागं लागू नये."

"आई!" काव्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबांचा ट्रॅक्टर आहे तो!"

"बघ," संगमेश कडवटपणे म्हणाला, "तवाबी त्यांनी उघडू दिला न्हाय, आताबी न्हाय. दादाची निशाणी जिनं मोडली, तिला ती नकोच हाय नजरंसमोर!" आणि म्हातारीच्या पायांना हात लावून तो निघाला. ओट्यावरचा तांब्या तसाच भरलेला राहिला.

काय सांगणार होती हेमावती? ज्या शब्दांनी तिचा कलंक धुऊन निघाला असता ते शब्द तिने स्वतःच गिळले होते, आणि गिळलेले शब्द परत ओठांवर येत नसतात...

गुरुसिद्धप्पा गेला त्यानंतरची ज्येष्ठी पौर्णिमा. सोलापूरच्या या कानडी अंगाच्या गावांत तिला कारहुणवी म्हणतात, बैलांचा सण. शिंगं रंगवायची, मिरवणूक काढायची, आणि पेरणीच्या कष्टाआधी बैलाच्या अंगात बळ यावं म्हणून त्याला घोट पाजायचा: करडीचं तेल, फोडलेली अंडी, मूठभर हळद, सगळं बांबूच्या नळ्यात भरून, बैलाचं तोंड वर धरून, थेट घशात. हा मान निंगव्वाचा. नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून तिने या घरातल्या एकाही बैलाची कारहुणवी चुकवली नव्हती.

बैल गेल्यावर तिला ते सुनं सुनं वाटत असणार. त्या पहाटे हेमावती शेण काढून परसातून येत होती, तेव्हा तिने पाहिलं की म्हातारी ट्रॅक्टरजवळ उभी आहे, हातात बांबूचा नळा आहे, आणि ती इंजिनावर हात फिरवत काहीतरी पुटपुटते आहे. पूजा करत असतील अत्ती, असं हेमावतीला वाटलं. या घरात सासूला अत्तीच म्हणत. तिने लक्ष दिलं नाही. तिने तेव्हाच लक्ष दिलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी पेरणीला सुरुवात झाली. वाफसा, म्हणजे जमिनीतली पेरणीजोगी ओल, उत्तम होता. संगमेशने आजूबाजूच्या कितीतरी शेतकऱ्यांना शब्द दिला होता, शेजारच्या रावजीचं रान तर पहिलंच ठरलेलं. आणि आपलंच शेत अर्धं होतं न होतं तोच ट्रॅक्टर दोन आचके देऊन बंद पडला. हेमावती चालवत होती. तिने खाली उतरून डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं... झाकणाच्या कडेला पिवळे ओघळ होते, करडीच्या तेलाचा वास होता, आणि जाळीत अंड्याच्या टरफलाचा एक तुकडा अडकलेला होता.

तिने झाकण घट्ट लावलं. बांधावरून संगमेश धावत आला. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. ट्रॅक्टर ओढून अंगणात आणला, मिस्त्री आला आणि डिझेल पंप जाम झाल्याचं सांगून गेला. पेरणीचा वाफसा निघून चालला होता, ज्यांना शब्द दिला ते शेतकरी दारात येऊन बोलून जात होते, आणि तरण्या रक्ताचा संगमेश अपमानाने नुसता पेटला होता. ट्रॅक्टरवर हात ठेवून, दारातून दिसणाऱ्या भावाच्या फोटोकडे बघत तो ओरडला, "ज्याच्या हातानं ह्ये झालं असंल, त्याचं तोंड मी जल्मात बघणार न्हाय! दादाची आण!"

आणि त्याच वेळी निंगव्वा ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीवर हात फिरवत म्हणत होती, "काय झालं गं माज्या लेकराला? कुणाची नजर लागली गं?"

हेमावतीने एकीकडे सासूकडे पाहिलं, एकीकडे दिराकडे. एक लेक गमावलेली ही माय. आता दुसरा स्वतःच्या शपथेने तिच्यापासून तुटणार! सुनेवरचा राग आज ना उद्या निवतो, सून परक्या घरची असते... पण आईवर आण घातलेला लेक कुठे जाईल? आणि लेकाने टाकलेली आई?

"माज्या हातानं झालं, भावजी," ती म्हणाली. "टाकीचं झाकण माज्याकडून उघडं राहिलं. काहीतरी आत गेलं असंल."

मिस्त्री पंप काढून न्यायला आला तेव्हा ती ट्रॅक्टरला पाठ लावून उभी राहिली. "त्यांची निशाणी हाय. खोलू देणार न्हाय." विधवा बाई, डोक्यावर परिणाम झाला, असं गाव म्हणालं. संगमेश त्याच आठवड्यात कपडे घेऊन निघाला. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लागला, जवळच्या कुंभारीत राहू लागला. आईला औषध पाठवी, लुगडं पाठवी, स्वतः मात्र येत नसे. आणि हेमावतीला राहून राहून एकच शंका छळत असे: ज्या आईसाठी आपण हे केलं, तिला तिचा लेक तरी कुठे मिळाला? आपण शहाणपणा केला की मोठेपणाचा वेडेपणा?

"अगं, नको का म्हणतीस पोरीला?" संगमेश भंगाराचं बोलून गेला त्या दिवशी दुपारी निंगव्वाने तिला विचारलं. "मला एकदा त्याचा आवाज ऐकू दे. डोळ्यांनी न्हाय दिसत आता, कानानं तरी माजा गुरु मला दिसंल..."

या बोलण्यापुढे हेमावतीचा सगळा निश्चय विरघळला. "कर, काव्या," ती म्हणाली, "पण एक ऐक. डिझेलची टाकी मी धुणार. तिला तू हात लावायचा न्हाय."

"का?"

"मी म्हणते म्हणून."

काव्या कामाला लागली. कोंबड्यांना नवं खुराडं मिळालं, दोडक्याचा वेल कुंपणावर गेला. एअर क्लीनरमधून उंदराचं अख्खं घर निघालं, त्यात काव्याच्या लहानपणच्या रिबिनीचा तुकडाही होता. जुनं ऑइल काळ्या काकवीसारखं निघालं. पण इंजिन हलेना, आणि त्याच्या डोक्यावरचे, डिझेलचा फवारा मारणारे नोझल तर असे चिकटून बसले होते की पाना घसरून पोरीची बोटं सोलवटली. शेवटी तिने फोन लावला. "काका, नोझल निघत नाहीत हो."

"मग मी काय करू? आयटीआयच्या सरांना इचार."

"सर म्हणतात, या जुन्या मॉडेलला ज्याचा हात लागलाय त्यालाच विचार."

रविवारी संगमेश आला. नुसते नोझल काढून द्यायला, असं त्याने येताच जाहीर केलं. नोझल निघाले. मग त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडून इंजिन मुरत ठेवायला हवं होतं, ते त्याने दाखवलं. मग काव्या भलत्या बाजूने पाना लावतेय हे त्याला बघवेना. "सरक तिकडं! पोरीच्या हातात पाना आन् माज्या हातात काय जपमाळ देतीस?" संध्याकाळी पुढची पुली पान्याने ओढता ओढता इंजिन एकदम हललं, बोटभर का होईना, पण हललं! तेव्हा काका-पुतणी दोघं लहान मुलांसारखी ओरडली. घरात चुलीपुढे बसलेल्या हेमावतीने तो आवाज ऐकला आणि तिच्या डोळ्यांतून धार लागली. धुराने, असं तिने निंगव्वाला सांगितलं.

पण जेवायला मात्र तो थांबला नाही. हेमावतीशी एक शब्दही बोलला नाही. जाताना डिझेल पंप काढून पिशवीत घालून सोलापूरला साफ करायला घेऊन गेला.

पुढच्या रविवारी तो परतला तो वेगळ्याच चेहऱ्याने. निंगव्वा लिंबाच्या सावलीत सुपात ज्वारी निवडत बसली होती. काव्याने टाकीचे पट्टे नुकतेच सोडवले होते, आणि हेमावती ती टाकी उचलून परसाकडे निघाली होती.

"थांबा, वैनी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला हाक मारली होती! हेमावती थबकली. टाकी तिने छातीशी धरली.

"पंपवाल्यानं मला इचारलं, ह्यात वार्निश ओतलं होतं का म्हणून. आत सगळं पिवळं, डिंकावानी चिकटलेलं. झाकण उघडं राहिलं तर माती जाती, पाणी जातं. ह्ये काय हाय?"

"मला काय ठाव?"

"ठाव न्हाय तर टाकी घिऊन कुटं चालला? इकडं द्या."

"भावजी... तुमच्या पाया पडते. मला धुऊ द्या."

"आत काय लपवलंय?" त्याचा आवाज चढला. "माज्या दादाच्या ट्रॅक्टरला काय घातलंत तुमी? कुनाचं ऐकून घातलंत?"

"आई, सोड ना!" काव्या रडवेली होऊन म्हणाली. "काय आहे त्यात?"

संगमेशने टाकी ओढून घेतली आणि पोत्यावर उपडी केली. आधी काहीच पडलं नाही. मग त्याने बुडावर थाप मारली, आणि डिझेल उडून गेल्यावर मागे उरलेला एक पिवळा, घट्ट, शेवाळलेल्या गुळासारखा लगदा सावकाश पोत्यावर उतरला. त्यात अंड्याच्या टरफलाचे तुकडे होते.

हेमावतीने डोळे मिटून घेतले. संपलं... आता सगळं संपलं!

आणि तेवढ्यात निंगव्वाने मान वर केली. नाकाने हवा हुंगली. सूप बाजूला ठेवून, चाचपडत पुढे येऊन ती वाकली, बोटभर लगदा उचलून तिने नाकाशी धरला, आणि तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर सकाळच्या उन्हासारखं हसू पसरलं.

"अगंबाई! ह्यो तर माजा घोट!"

"काय म्हनलीस, अव्वा?"

"कारहुणवीचा! करडीचं तेल, हळद, अंडी. बैलं न्हवती म्हणून काय झालं, राबणाऱ्याला घोट दिल्याबिगर पेरायला सोडतेत व्हय? मीच दिला. तुमी पोरं हसाल म्हणून गुपचूप दिला." ती थांबली. "पर... ह्यो तर तसाच हाय की रे सगळा. प्याला न्हाय का त्यो?"

संगमेशच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्याने पोत्यावरचा लगदा पाहिला, आईचा निरागस, उत्सुक चेहरा पाहिला. 'ज्याच्या हातानं झालं असंल त्याचं तोंड बघणार न्हाय...' स्वतःचीच आण त्याच्या कानांत घुमली असावी. मग त्याने हळूहळू मान वळवून वहिनीकडे पाहिलं. सासूच्या पाठीमागे उभं राहून तिने फक्त दोन्ही हात जोडले, आणि मान हलवली... नको. त्यांना कळू देऊ नका.

एका क्षणात त्याला सारं उमगलं! वाफशाच्या त्या दिवशी पुढे येऊन 'माज्या हातानं झालं' म्हणणारी वहिनी, ट्रॅक्टरला पाठ लावून उभी राहिलेली वहिनी, ओट्यावर राहिलेला पाण्याचा भरला तांब्या... आईकडे वळून तो जमेल तेवढ्या साध्या आवाजात म्हणाला,

"प्याला की अव्वा. लई प्याला. ह्यो उरलेला हाय. त्याच्याच बळावर तर एवढी वर्सं उभा राहिला त्यो."

"तरीच!" म्हातारी म्हणाली. आणि परत जाऊन सुपापाशी बसली. पण ज्वारी निवडणारी तिची बोटं मात्र मध्येच थांबली होती, आणि नंतर कितीतरी वेळ ती थांबूनच राहिली. त्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

परसात हेमावती टाकी धूत होती तिथे संगमेश गेला. तो खाली वाकला, तशी ती झटकन मागे सरली. "हे काय, भावजी!"

"मी आण घातली... आन् ती तुमी तुमच्या अंगावर घेतली. एवढी वर्सं! वैनी, एकदा तरी बोलायचं!"

"बोलले असते तर तुमी आण मोडली असती का?"

त्या वयातला तो मोडणारा नव्हताच, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मी चुकले का बरोबर केलं, मला अजून कळलं न्हाय," हेमावती म्हणाली. "तुमी दुरावलाच शेवटी. पण अत्तींनी कधी स्वतःला दोष दिला न्हाय, तेवढं मला पुरलं. आता एकच मागते, त्यांना कळू देऊ नका."

त्या मोठ्या, तेलकट हातांनी संगमेशने तोंड झाकून घेतलं आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. हेमावतीने पदराने त्याचे डोळे पुसले. दप्तरात भाकरी बांधून देताना पुसायची, तसेच.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला घरात कुणी जेवत नाही; सगळं घर शेतात जातं. पहाटेपासून भाज्या-डाळींची भज्जी रटरटत होती, बाजरीचे उंडे वाफवून झाले होते, ताकातल्या आंबिलाचं मडकं पांढऱ्या फडक्याने झाकून ठेवलं होतं. आणि अंगणात धुऊन पुसून लाल झालेला, कपाळाला भंडारा लावलेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीही मागे जोडून ठेवली होती. "चालू न्हाय झाला तर?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा काव्याने ट्रॉलीची पिन आणखी घट्ट ठोकली होती.

शेजारचा रावजी आपली बॅटरी खांद्यावर घेऊन आला. "ज्यानं माजी पेरणी बुडवली त्यालाच माजी बॅटरी! काय जमाना आलाय."

"रावजी अण्णा, चालू झाला तर तुमचं रान पहिलं," संगमेश म्हणाला.

"व्हय? त्यात अंडीबिंडी न्हायत न्हवं आता?" रावजीला त्या कोंबड्या ठाऊक होत्या, बाकीचं काही ठाऊक नव्हतं. तरी काका आणि पुतणी एकमेकांकडे बघून गालात हसली.

काव्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढायला हातपंप दाबू लागली. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांत मिसळलेली धार, आणि शेवटी अखंड, स्वच्छ डिझेलची धार. तिने स्क्रू आवळला. "काका, बसा."

"मी न्हाय," संगमेश म्हणाला. त्याने सीट आपल्या उपरण्याने पुसली. "दादा म्हनायचा, तिचा हात हलका हाय. वैनी, बसा."

हेमावती जागची हलली नाही. साऱ्या गल्लीसमोर 'मोडणारी' म्हणून जिला बोट दाखवलं गेलं, ती आता त्याच गल्लीसमोर... आणि नाही उठलं इंजिन तर? पुन्हा तिच्याच हाताला दोष!

"चल गं," लिंबाखालून निंगव्वा म्हणाली. "मी ऐकायला बसलेय."

ती चढली. पायाने क्लच दाबला, सेल्फ दिला. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा दिला, सायलेन्सरमधून लिंबाचा वाळका पाला भसकन बाहेर उडाला, माणसं हसली, आणि सारं शांत झालं. हेमावतीच्या कपाळावर घाम आला. तिने डोळे मिटले. हात मात्र स्थिर होता. तिने तिसऱ्यांदा सेल्फ दिला, एक पांढरा लोट उठला, एक ठोका पडला, मग दुसरा, मग ठोक्यांची अडखळती रांग... आणि एकाएकी ते जुनं इंजिन धडधडून जागं झालं! अंगण हादरलं, लिंबावरचे कावळे उडाले, कोंबड्या केकाटत पळाल्या, काव्या दोन्ही हात वर करून नाचू लागली, आणि रावजी "चालला! चालला!" म्हणून असा ओरडू लागला की जणू पेरणी त्याच क्षणी व्हायची होती.

संगमेशने पुढच्या चाकापुढे नारळ फोडला. पाणी उडून त्याच्या तोंडावर आलं. बरंच झालं, कारण डोळ्यांतलं त्यात लपलं.

"गुरु..." निंगव्वा डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होती. "माजा गुरु..."

ट्रॉलीत दुरड्या, मडकी, माणसं बसली आणि हेमावती ट्रॅक्टर चालवत शेताकडे निघाली. वाटेत लोक उभे राहून बघत होते. मडगार्डवर बसलेला तरणाबांड दीर प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "आमच्या वैनी चालवाय लागल्यात!"

शेतात कडब्याची कोप उभी होती, आत पाच दगडांचे पांडव. पूजा झाली, हिरव्या ज्वारीवर आंबील शिंपून झालं, आणि पंगत बसली. हेमावती वाढत होती. ती समोर आली तेव्हा संगमेशने मान वर केली.

"वैनी," तो म्हणाला, "लई तहान लागलीय."

तिने आंबिलाचा पेला पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मग पुन्हा पुढे केला. हेमावतीला काही दिसेनासं झालं. आंबील पेल्याबाहेर सांडलं.

"भुईवर सांडलं तर चांगलंच असतंय आज," निंगव्वा म्हणाली. सांडल्याचा आवाज तिला बरोबर कळला होता. "आन् ऐका रे, येत्या कारहुणवीला..."

"अव्वा," संगमेश घाईघाईने म्हणाला, "येत्या कारहुणवीला आपण त्याच्या चाकांना तेल लावू. पोटात नको. वय झालं आता त्याचं, पचायचं न्हाय."

सगळे हसले. निंगव्वाही हसली. जेवणं झाल्यावर बाकीचे हरभऱ्याचे डहाळे उपटायला गेले आणि कोपीशी सासू-सून दोघीच उरल्या. तेव्हा म्हातारीने हात पुढे करून सुनेचा हात शोधला. डिझेलचा वास येणारा, खुरप्याने घट्टे पडलेला तो हात तिने आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला, आणि कितीतरी वेळ ती तो नुसता कुरवाळत राहिली.

"त्याला न्हाय पचला गं माजा घोट," ती अगदी हळू म्हणाली. "मला आंधळीला काय कळत न्हाय व्हय? त्याला न्हाय पचला... तू पचवलास."

"अत्ती..." हेमावतीच्या तोंडून एवढंच निघालं, आणि तिने म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं तिथे वाहून गेलं. निंगव्वा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, जसा ती राबून आलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवायची.

"साकू, साकू... पुरे आता. ऊठ. दिवस कलला. मला घरी ने," ती म्हणाली. "ट्रॉलीत न्हाय. तुज्या शेजारी बसीव मला."

मग संगमेशने आईला उचलून मडगार्डवर बसवलं आणि पडू नये म्हणून स्वतः मागे उभा राहिला. काव्याने ट्रॉलीतून "चला!" म्हणून आरोळी दिली. हेमावतीने डोळे पुसले, सेल्फ दिला, आणि पहिल्याच ठोक्याला इंजिन उठलं.

वाटेत वेग वाढवावा की नको, अशा विचारात ती होती, तोच कानाशी म्हातारीचा आवाज आला, "जोरात घे की गं! एवढी वर्सं उभाच हाय त्यो!"

आणि हेमावतीने तिसरा गिअर टाकला.